दोन सीटची गाडी

"हात खिशात ठेवायचे," ताईने निघताना बजावले होते. "लिलाव बघायलाच चाललायस ना? मग बघ, आणि गुमान जेवायला ये."

मी मान डोलावली. बरोबर भाची होती, आठवीतली. दिवाळीची सुट्टी संपायला चार दिवस उरले होते. साल २०१९. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका शेडमागच्या मोकळ्या जागेत गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि सगळ्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. मूळचे रंग निरनिराळे असतील, पण काचांच्या वरपर्यंत सगळ्यांना एकच रंग चढला होता. कृष्णेच्या गाळाचा.

मुलांनो, त्या वर्षीचा ऑगस्ट आम्ही सांगलीकर विसरणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली असे समजतात. त्या वेळी ते ५७ फुटांच्याही वर गेले. घरे बुडाली, दुकाने बुडाली, तशा गाड्याही बुडाल्या. ज्यांचा पुरेसा विमा होता त्यांना पैसे मिळाले आणि गाड्या विमा कंपन्यांकडे गेल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त येणार असेल, तर कंपनी त्या फंदात पडत नाही. आहे तशी गाडी लिलावात काढते. सांगलीत एवढ्या गाड्या ठेवायला जागा कुठली? म्हणून काही ट्रकवर चढवून साताऱ्याला आणल्या होत्या. मी सांगलीहून सव्वाशे किलोमीटर आलो होतो ते सांगलीचीच एक गाडी बघायला.

शेवटच्या ओळीत, दोन जीपच्या मध्ये ती होती. बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटची, कापडी टप असलेली. भाची म्हणाली, "मामा, ही खेळण्यातली आहे का?"

खेळण्यातली नव्हती. तिचे नाव सॅन स्टॉर्म. १९९८च्या सुमाराला गोव्यात ही गाडी बनायला लागली. आपल्याकडे तेव्हा रस्त्यावर मारुती, फियाट आणि अँबॅसेडर. अशा दिवसांत कुणीतरी म्हटले, आपण दोन माणसांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार बनवू. बॉडी फायबर ग्लासची, इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे, ११४९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे. शर्यतीच्या गाड्यांपुढे साठ म्हणजे काहीच नाही, पण गाडीच हलकी असल्यावर साठ घोडे पुरतात. फारशा खपल्या नाहीत. आता तर ती बनतही नाही. सांगलीत मी एकच पाहिली होती, लाल रंगाची, मिरज रोडवर, टप उघडून चाललेली. तिच्याकडे बघण्याच्या नादात माझी स्कूटर दुभाजकाला लागता लागता राहिली. तीच गाडी आज माझ्यासमोर चिखलात बसली होती.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "नुसती बघायला आलेली माणसं पावती फाडत नाहीत." माझ्या खिशातून अनामत रकमेची पाच हजारांची पावती डोकावत होती. आता या पोरीला काय सांगणार?

लिलावाच्या कागदावर एक वाक्य छापलेले होते, 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विक्री. म्हणजे नंतर काही निघाले तर बोलायचे नाही. आलेली मंडळी बहुतेक भंगारवाले आणि जुन्या गाड्यांचे व्यापारी होते. पोलादी गाड्यांवर बोली भराभर चढत होती. आमच्या गाडीचा नंबर आला आणि सगळे चहाला वळले. एक जण जाता जाता मला म्हणाला, "ह्याला वजनच नाय ओ. पत्रा असता तर घेतली असती. फायबर कोन किलोवर घेतंय?"

म्हणजे जी गोष्ट मला आवडली होती, तिच्यामुळेच ती कुणाला नको होती. मी हात खिशातून काढला. छत्तीस हजारांवर एक वार, दोन वार, तीन वार, आणि गाडी माझी झाली. हे पैसे गच्चीवर पत्रे घालायला बाजूला ठेवले होते. घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "गच्ची गळते म्हणून पैसे साठवले, आणि घेऊन काय आला, तर पाण्यात बुडालेली गाडी."

टेम्पोत घालून गाडी सांगलीला आली आणि जुन्या शहरात, नदीच्या बाजूला असलेल्या मिस्त्रींच्या शेडमध्ये उतरली. उतरल्या उतरल्या मी उत्साहाने दुसरी बॅटरी जोडायला लागलो. म्हटले, सेल्फ मारून तर बघू. मिस्त्रींनी माझा हात धरला. अक्षरशः मनगट धरले.

"इंजिन फोडायचंय का तुम्हाला?"

त्यांनी दाखवले ते तुम्हीही घरी करून बघू शकता. एक सिरिंज घ्यायची, सुई नसलेली. आत हवा भरून तोंड बोटाने बंद करायचे आणि दट्ट्या दाबायचा. दट्ट्या बराच आत जातो, कारण हवा दबते. आता हवेऐवजी पाणी भरून तेच करा. दट्ट्या हलत नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्येही असाच एक दट्ट्या जोरात वरखाली होतो, त्याला पिस्टन म्हणतात. आत पाणी साचलेले असताना सेल्फ मारला, तर पाणी दबत नाही आणि पिस्टनला ढकलणारा दांडा वाकतो. पुरात बुडालेली बरीच इंजिने पुराने मरत नाहीत. पूर ओसरल्यावर घाई करणाऱ्या मालकांनी मरतात.

मिस्त्रींनी चारही स्पार्क प्लग काढले, मोठा पाना लावला आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवले. तिसऱ्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडून थेट माझ्या शर्टावर आली. मी काही बोललो नाही. पाच मिनिटांपूर्वी मी सेल्फ मारला असता तर काय झाले असते, ते माझ्या शर्टावर लिहिलेले होते.

मग खालचे ऑइल काढले. ऑइल काळे असायला हवे, हे निघाले दुधाच्या चहासारखे. पाणी आणि तेल घुसळले गेले की असे होते. ते फेकले, नवे घातले, हाताने फिरवले, पुन्हा काढले. असे तीन वेळा. तिसऱ्या वेळी चहा निघाला नाही. गिअरबॉक्सचेही तसेच केले. पेट्रोलची टाकी उतरवली, तर तळाशी पाणी आणि बोटभर गाळ.

सीट काढायचे काम माझे होते. डाव्या सीटखालचा गाळ वाळून विटेसारखा झाला होता. तो खरवडताना एक चौकोनी डबी हाताला लागली. कंपास पेटी होती. आत करकटक गंजून लाल झालेले, पेन्सिल फुगलेली, पण झाकणावरचे नाव आणि इयत्ता पाचवी ही अक्षरे शाबूत होती.

तोपर्यंत माझ्या डोक्यात ही एक बुडालेली गाडी होती. ती कुणाची तरी बुडालेली गाडी आहे हे कंपास पेटी बघेपर्यंत मनात आले नव्हते.

गाडीच्या मालकाची सही मला तशीही हवी होतीच. गाडी नावावर करून घ्यायला नमुना २९ आणि नमुना ३० असे दोन अर्ज लागतात, त्यांवर आधीच्या मालकाची सही लागते. पत्ता गावभागातला होता. डिसेंबरात मी तिथे गेलो. भिंतींवर माणसाच्या डोक्यावरून पाण्याची रेघ दिसत होती. खोल्यांना नवा गिलावा केलेला, पण वास तोच, ओलीचा. एक आजोबा कट्ट्यावर बसले होते. गाडी त्यांच्या मुलाने हौसेने घेतली होती. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गाडी इथेच राहिली. कागदोपत्री मात्र ती आजोबांच्याच नावावर होती.

"२००५चा पूर मी बघितलाय," आजोबा म्हणाले. "त्या वेळचं पाणी कुठंवर आलं त्याची खूण मी दाराला करून ठेवली होती. ह्या वेळी गाडी त्या खुणेच्या वर, मागच्या उंच ओट्यावर नेऊन लावली. म्हटलं, ह्याच्यावर काय येत नाही." त्यांनी दाराकडे बोट केले. जुनी खूण छातीपर्यंत होती. नवी रेघ तिच्या बरीच वर. "खुणेवर भरवसा ठेवला. नदीला ती खूण कुठं ठाऊक होती?"

त्यांनी सही केली. तेवढ्यात नातू शाळेतून आला. मी कंपास पेटी पुढे केली. त्याने ती उघडली, करकटक काढून बघितले आणि परत ठेवले. आजोबांनी सांगितले, हा रोज त्या गाडीत बसून अभ्यास करायचा. टप लावून, दारे बंद करून, आपली खोली असल्यासारखा. पुरात त्याची पुस्तके, वह्या, चित्रकलेच्या परीक्षेचे सगळे सामान गेले. पुस्तके शाळेने पुन्हा दिली, पण वह्या कोण देणार? बाकीच्यांच्या वह्या आणून त्याने दिवाळीभर सगळे उतरवून काढले.

"काका, चालू होईल का ती?" त्याने विचारले.

"होईल की. झाली की पहिली चक्कर तुला. उन्हाळ्याच्या सुट्टीत."

मोठी माणसे असे काहीतरी पटकन बोलून जातात. पोरे ते लक्षात ठेवतात.

फेब्रुवारीत इंजिन सुरू झाले. इंजिनाचा टायमिंगचा पट्टा मिस्त्रींनी आधीच बदलला होता. पट्टा दिसायला धड होता, पण दात्यांत रेती बसलेली. गाडी बनणेच बंद झालेली, मग सुटा भाग आणायचा कुठून? जुन्या पट्ट्यावरचे पुसट आकडे भिंगाने वाचले आणि त्या मापाचा पट्टा पुण्याहून मागवला. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे ते ठरवणारी कॉम्प्युटरची पेटी उघडून स्पिरिटने ब्रशने धुतली आणि साध्या बल्बखाली चार दिवस वाळवली. ती जिवंत निघेल असे मिस्त्रींनासुद्धा वाटले नव्हते. किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकले, पांढरा धूर सोडला आणि लागले. शेजारच्या दुकानातली माणसे बाहेर आली. मिस्त्री मात्र इंजिनाकडे कान लावून उभे होते. "तिसरा अजून रुसलाय," म्हणाले.

आमच्या जिल्ह्यात अशी माणसे आहेत बरे का. देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सामान जोडून मुलासाठी एक छोटी चारचाकी बनवली. ती सुरू व्हायची किकने, स्कूटरसारखी. तिचे चित्रण २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी पाहिले आणि जानेवारीत लोहारांच्या घरी नवी बोलेरो आली. आमच्या मिस्त्रींना ती बातमी दाखवली तर ते म्हणाले, "बोलेरो ऱ्हाऊ दे. त्यांनी किकचं जोडकाम कसं केलंय, ते बघायला पायजे."

मार्च २०२० उजाडला आणि सगळेच बंद झाले. शेडला कुलूप. उन्हाळ्याची सुट्टी आली आणि गेली.

मधल्या काळात मी फायबर शिकलो, म्हणजे बिघडवत शिकलो. पुढच्या चाकावर मोठी चीर होती. फायबर ग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन नावाचा चिकट द्रव. रेझिनमध्ये हार्डनर थेंबाथेंबाने घालायचा असतो. मला वाटले, जास्त घातला तर लवकर सुकेल. डबा हातात धरवेना इतका तापला, त्यातून धूर निघायला लागला, आणि दोन मिनिटांत रेझिनचा दगड झाला, त्यात माझा ब्रश कायमचा उभा. हे काम तोंडाला फडके बांधून, मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच करायचे. मी हातमोजे घातले नव्हते. काचेचे धागे आठवडाभर कोपरापर्यंत खाजत राहिले. टप मात्र मिरजेत एका कारागिराने शिवला. ते रिक्षांचे टप शिवतात. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात हे तुम्हाला माहीत असेल, पण रिक्षाचा टप शिवणाऱ्याच्या हातात तसलेच कसब असते, हे मला तेव्हा कळले. फक्त एका शिवणीतून थेंब गळतो.

पण सगळ्यात जास्त छळले ते दिव्यांनी. डावा इंडिकेटर लावला की मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे मंद मंद लुकलुकायचे. ब्रेक दाबला की इंडिकेटर बंद. वायरिंगवाल्याने तीन दिवस घालवले, बल्ब बदलले, फ्यूज बदलले. गाडीला जणू भूत लागले होते.

२०२०च्या दिवाळीत भाची सांगलीला आली. आता ती नववीत होती आणि तिची शाळा मोबाइलवर भरत होती. तिने गाडीच्या मागे बसून पंधरा मिनिटे नुसते दिवे बघितले. मी इंडिकेटर लावायचा, बंद करायचा, ब्रेक दाबायचा, आणि ती वहीत काहीतरी काढायची. मग म्हणाली, "मामा, बॅटरीतून निघालेली वीज परत बॅटरीत जायला पाहिजे ना? मग दिव्याकडून परत जायची वायर कुठंय?"

मी म्हटले, "गाडीत परतीची वायर नसते. बॉडीच वायरचं काम करते. पत्र्यातून..."

आणि मी थांबलो. ती माझ्याकडे बघत होती.

पोलादी गाडीत दिव्याची एक बाजू बॉडीला टेकवली की झाले. बॉडीतून वीज बॅटरीकडे परत जाते. पण आमच्या गाडीची बॉडी फायबरची. तिच्यातून वीज वाहतच नाही. अशा गाडीत परतीसाठी वेगळी वायर असते आणि ती खालच्या पोलादी सांगाड्याला नटाने घट्ट बसवलेली असते. आम्ही सगळे वीज येते कुठून तेच शोधत होतो. ती परत कुठून जाते हे कुणी बघितलेच नव्हते. इंडिकेटरला परतीची वाट सापडेना, म्हणून ती बिचारी ब्रेकच्या दिव्यांतून फिरून जात होती, आणि जाता जाता त्यांना पेटवत होती.

भाची बॅटरी घेऊन (म्हणजे टॉर्च) गाडीखाली सरपटत गेली. मागच्या चाकाशेजारी ती वायर सापडली. टोकाची कडी गाळाने आणि गंजाने हिरवी-पांढरी झालेली, हात लावला तर गळून पडली. नवी कडी, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला सांगाडा, वर थोडे ग्रीस. खर्च पंधरा रुपये. डावा इंडिकेटर लावला, डावाच लागला. वायरिंगवाल्याचे तीन दिवसांचे पैसे मी आधीच देऊन बसलो होतो, ते जाऊ दे.

तरी गाडी रस्त्यावर यायला जुलै २०२१ उजाडला. एप्रिलमध्ये पुन्हा सगळे बंद झाले होते आणि ब्रेकचे काम अडकून पडले होते. मिस्त्रींचे म्हणणे साफ होते, "चालू कुठलीबी गाडी करता येती. थांबाय पायजे ती." चाकांजवळचे ब्रेकचे पिस्टन गंजून धरले होते. ते बदलून, नळ्या नव्या घालून, तेल भरून गाडी तयार झाली ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. चक्कर मारायला रविवारी येतो म्हणून मी सांगून ठेवले.

रविवार यायच्या आत पाऊस आला. गुरुवारी रात्री मिस्त्रींचा फोन. "गाडी घेऊन जावा. पाणी चढायलंय. ह्या बारीला थांबू नका."

भल्या पहाटे रिक्षाने शेडवर पोहोचलो. मिस्त्री एकेक मशीन माळ्यावर चढवत होते. गाडी एका सेल्फमध्ये लागली. बाहेर काढली आणि विश्रामबागकडे वळायच्या ऐवजी आधी गावभागात शिरलो. बोळात अजून पाणी नव्हते, पण लोक सामान बाहेर काढत होते. या वेळी खुणेकडे कुणीच बघत नव्हते. आजोबांच्या दारात रिक्षा उभी होती, तिच्यात गाद्या, डबे, देवांचे ताट. नातू पायरीवर बसला होता. आता सातवीत गेलेला. मांडीवर एक खताचे रिकामे पोते, त्यात पुस्तके आणि वह्या, तोंड सुतळीने बांधलेले. ते पोते तो रिक्षात टाकायला देत नव्हता.

आजोबांनी गाडीकडे बघितले. आवाज ओळखला असावा.

"दोनच सीट," मी म्हणालो.

"दोन बास की. त्याला न्या. आम्ही रिक्षानं येतो मागनं."

तो डाव्या सीटवर बसला, पोते मांडीवर घेऊन. दार कसे ओढून लावायचे ते त्याला सांगावे लागले नाही. राम मंदिर, पुष्पराज चौक, मार्केट यार्ड. रस्त्यावर ट्रॅक्टर, हातगाड्या, गुरे, सगळे एकाच दिशेने चाललेले. टपाच्या शिवणीतून थेंब पडत होता तो नेमका पोत्यावर. त्याने पोते जरा पलीकडे सरकवले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काका, आधी हिचा आवाज असा नव्हता."

"कसा होता?"

"बारीक होता."

तिसरा सिलिंडर अजून रुसलेलाच होता. मी त्याला ते सांगितले. मग सिरिंजची गोष्ट सांगितली, भाचीची गोष्ट सांगितली. विश्रामबागला वळताना मी डावा इंडिकेटर लावला, तेव्हा तो मान वळवून मागे बघत राहिला.

त्या वेळी कृष्णा पन्नास फुटांच्या वर गेली. ते सगळे पाच दिवस आमच्याकडे होते. पहिल्या दिवशी घरात शिरल्या शिरल्या त्याने पोत्याची सुतळी सोडली आणि वह्या एकेक करून भिंतीशी मांडायला लागला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तिथं नको रे बाळा, इकडं ठेव. तिथं वरून गळतंय."